पडायचं कुणासाठी?



 विषय निवडायची मोकळीक व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मलाच दिली होती. विषय ऐकल्यावर मात्र फोनच्या पलीकडे जरा शांतता पसरली, आणि ती मी समजू शकतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते तालमीत वाढलेले, लाल मातीत घडलेले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल बोलायचं? जिला आपण नुरा कुस्ती म्हणतो, आणि म्हणताना नाक मुरडतो, तिच्याबद्दल?

होय, तिच्याबद्दलच. निकाल आधी ठरलेला असतो हे मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो, म्हणजे नंतर प्रश्नोत्तरांत वेळ जायला नको. (हशा) पण माझं आजचं सगळं म्हणणं त्या ठरलेल्या निकालावरच उभं आहे.

असं बघा. मातीतल्या पैलवानाचं वय झालं की त्याला निवृत्त कोण करतं? गुडघा करतो. दम करतो. समोर उभा राहिलेला विशीतला पोरगा करतो. त्याला विचारायला कुणी जात नाही की, बाबा, आता तू थांबशील का? एक दिवस पाठ लागते आणि विषय संपतो. पण जिथे निकाल कागदावर लिहिला जातो, तिथे वय कुणाला हरवणार? तिथे पन्नाशीचा माणूस बत्तीस वर्षांच्या चॅम्पियनला बावीस सेकंदांत लोळवू शकतो. ही मनाची गोष्ट नाही. ५ मार्च २०१७ रोजी गोल्डबर्गने केव्हिन ओवेन्सला नेमकं एवढ्याच वेळात हरवलं आणि डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचं एक मोठं विजेतेपद घरी नेलं.

म्हणजे खऱ्या खेळात काळ जे काम फुकट करून देतो, ते इथे माणसाला स्वतःच्या हातांनी करावं लागतं. जुन्याला पडावं लागतं. ठरवून, जाणूनबुजून, हजारो लोकांसमोर पडावं लागतं. तो पडतो का? कधी पडतो? आणि कुणासाठी पडतो? या धंद्याचं बरंवाईट याच तीन प्रश्नांवर ठरत आलंय. 'म्हातारे फार झाले, नव्यांना वाव नाही' ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. म्हातारे असण्याला माझी हरकत नाही. न पडणाऱ्या म्हाताऱ्यांना आहे.

सभागृहात चाळिशीच्या आसपासची मंडळी बरीच दिसताहेत. त्यांनी शाळेत कुस्तीची ट्रम्प कार्डं खेळली असणारच. रँक, उंची, वजन, छाती. मधल्या सुट्टीत बाकाखाली चालणारा तो व्यवहार. अंडरटेकर मेला की पुन्हा जिवंत होतो, यावर देवाशपथ विश्वास ठेवणारी ती पिढी. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारसमोर उभा राहिलेला अंडरटेकर हा खरा अंडरटेकर नव्हताच, तो ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे ऐकून आजही काही जणांचं मन दुखावेल. (हशा) बरं, आता मला सांगा, गुंथर हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन, तीन... चार हात. बघा. हा गुंथर आजच्या घडीचा पहिल्या फळीतला पैलवान. त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

आपल्याकडचं एक उदाहरण आधी घेतो. मुंबईत 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांचा जमाना होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या नावावर गर्दी लोटायची. त्यातलं खरं किती आणि ठरवलेलं किती, यावर वाद घालणारे अजूनही भेटतात. १९६८ साली मुंबईतच दारासिंगांनी लू थेझला हरवलं. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा. अमेरिकेत ज्याच्या नावाने कुस्तीची एक अख्खी पिढी ओळखली जाते असा माणूस. त्याच्या पडण्यामुळे दारासिंगांच्या नावाला केवढं वजन आलं! पण दारासिंग स्वतः थांबले कधी? १९८३ साली, चोपन्नाव्या वर्षी. आणि थेझ? तो १९९० साली जपानमध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मासाहिरो चोनो नावाच्या तरुणाशी शेवटची कुस्ती खेळला. तेव्हा हा आजकालच्या टीव्हीवाल्यांनी लावलेला रोग आहे, असं समजू नका. बायकांच्या कुस्तीतही तेच. फॅब्युलस मूला या बाईंनी १९९९ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, डब्ल्यूडब्ल्यूएफचं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं, महिला विजेतेपद पुन्हा जिंकलं. शहात्तर! आपल्याकडे या वयात लोक जिना चढताना कठड्याला धरतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आहे एका कंपनीच्या मरणाची गोष्ट.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत कुस्तीच्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. व्हिन्स मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, आणि टेड टर्नरच्या पैशावर उभी असलेली डब्ल्यूसीडब्ल्यू. दर सोमवारी रात्री एकीचा 'रॉ' आणि दुसरीचा 'नायट्रो' एकाच वेळी लागायचा. डब्ल्यूसीडब्ल्यूने १९९४ मध्ये हल्क हॉगनला आणलं, मग समोरच्या कंपनीतून केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल यांना आणलं. १९९६ च्या जुलैमध्ये, इतकी वर्षं पोरांना प्रार्थना करा आणि जीवनसत्त्वं घ्या म्हणून सांगणारा हॉगन खलनायक झाला, आणि अमेरिकेतल्या पोरांच्या पायाखालची जमीन सरकली. सलग ८३ आठवडे नायट्रोने रॉला मागे टाकलं. हे श्रेय जुन्यांचंच आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण हॉगनच्या करारात एक कलम होतं. स्वतःच्या लढतीचा निकाल त्याला मान्य नसेल तर तो नकार देऊ शकत होता. आपल्या तालमीत म्हणतात ना, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. हॉगनने राखलेला डाव वकिलाने टाइप केलेला होता. (हशा) तालमीतला राखलेला डाव कशासाठी असतो? माजलेल्या चेल्याला जागेवर आणण्यासाठी. तो रोज वापरायचा नसतो. हॉगन आणि मंडळींनी तो रोज वापरला.

अशा वेळी एक नवा माणूस उभा राहिला. बिल गोल्डबर्ग. फुटबॉलमधून आलेला, १९९७ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा रिंगमध्ये उतरलेला, टक्कल, काळी चड्डी, तोंडातून धूर सोडत यायचा, दोन मिनिटांत समोरच्याला गाडून जायचा. बोलणं नाही, नाटक नाही. लोक वेडे झाले. कंपनी त्याच्या विजयांची मोजदाद करू लागली. ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, सुमारे चाळीस हजार लोकांसमोर, त्याने हॉगनला पाडलं. हॉगन पडला, हे लक्षात ठेवा. त्या रात्रीची चित्रफीत आजही बघाल तर कळेल, छत फाटेल की काय असा आवाज आहे तो. हीच लढत वेगळे पैसे आकारून दाखवली असती तर केवढी कमाई झाली असती, म्हणून हिशेब जाणणारे आजही हळहळतात. त्यांनी ती फुकटच्या टीव्हीवर उधळली. पण निदान माणूस तरी योग्य होता.

मग काय झालं? डिसेंबरमध्ये, २७ तारखेला, १७३ विजय आणि शून्य पराभव अशा आकड्यावर गोल्डबर्गला हरवण्यात आलं. त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी! हरवलं कुणी? कुणा होतकरू पोराने? नाही. एकोणचाळीस वर्षांच्या केव्हिन नॅशने, तेही हॉलने विजेचा झटका दिल्यावर. त्या सुमारास कुणी कुणाला हरवायचं हे ठरवण्याच्या कामातही नॅशचा हात होता. हा निर्णय आपला नव्हता असं तो म्हणतो. असेल. पण पट्टा त्याच्याच कमरेला होता.

आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ४ जानेवारी १९९९. पुन्हा तेच जॉर्जिया डोम. नॅशची लढत हॉगनशी. घंटा वाजते. दोघे समोरासमोर येतात. नॅश हॉगनला कोपऱ्यात ढकलतो. हॉगन मूठ उगारल्यासारखं करतो, थांबतो, आणि एका बोटाने नॅशच्या छातीला टोचतो. एका बोटाने! सुमारे सात फुटांचा तो माणूस गोळी लागल्यासारखा हातपाय पसरून पाठीवर आडवा. हॉगन त्याच्यावर पडतो, पंच तीन आकडे मोजतो, दोघे उठून मिठी मारतात आणि हसतात. आपण पडायचं म्हणजे काय, याबद्दल बोलतोय ना? हे पडणं बघा. जुना माणूस जुन्यासाठी पडला, आणि पडताना अख्ख्या सभागृहाला वेडावून दाखवलं.

त्याच रात्री दुसऱ्या चॅनलवर काय चाललं होतं? मिक फोली. ढेरपोट्या, कान तुटलेला, दात पडलेला, दिसायला कुठल्याही कोपऱ्यावरचा माणूस. त्याला डब्ल्यूडब्ल्यूएफ त्या दिवशी चॅम्पियन करत होती. त्यांचा कार्यक्रम आधीच चित्रित झाला होता, म्हणून नायट्रोच्या निवेदकाला सांगण्यात आलं की निकाल फोडून टाक. त्याने फोडला, वर खवचटपणे म्हणाला की याने खुर्च्या भरतील हो! झालं. लाखो लोकांनी चॅनल बदललं. फोलीला जिंकताना बघायला गेले. नवा माणूस मोठा होताना बघायला लोकांना आवडतं, हे कळायला आणखी काय पुरावा हवा होता?

या काळात डब्ल्यूसीडब्ल्यूच्या तळाच्या लढतींत कोण होतं? ख्रिस जेरिको. एडी गरेरो. चोवीस वर्षांचा रे मिस्टेरियो, ज्याचा मुखवटा १९९९ च्या फेब्रुवारीत हॉल आणि नॅश यांच्याशी हरल्यावर उतरवण्यात आला. मेक्सिकोच्या कुस्तीत मुखवटा म्हणजे घराण्याची इज्जत. त्याच्या बदल्यात कुणाला काय मिळालं, हे मला आजवर कळलेलं नाही. जेरिको १९९९ मध्ये निघून गेला, गरेरो २००० च्या जानेवारीत. दोन-अडीच वर्षांत जेरिको समोरच्या कंपनीत एकाच रात्री रॉक आणि ऑस्टिन या दोन बड्या पैलवानांना हरवून चॅम्पियन झाला. २००४ मध्ये गरेरोने ब्रॉक लेसनरला हरवून तेच पद मिळवलं. तोवर डब्ल्यूसीडब्ल्यू राहिली होती कुठे? मार्च २००१ मध्ये मॅकमहनने ती विकत घेतली. कंपनी बुडायला आणखीही कारणं होती: मालकी बदलली, टीव्हीवाल्यांना कुस्ती नकोशी झाली, पैसा वाटेल तसा उडाला. पण घरात सोनं पडलेलं असताना गंजलेली भांडी घासत बसण्याचं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं.

इथवरचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं. जुना माणूस गर्दी आणतो, हे खरं. त्या गर्दीसमोर तो नव्यासाठी पडला तर गर्दी नव्याची होते. तो पडलाच नाही, किंवा आपल्याच मित्रासाठी पडला, तर ती त्याच्याबरोबर म्हातारी होते आणि एक दिवस घरी जाते.

मग कंपन्या हे करतात तरी का? मूर्ख असतात म्हणून? मुळीच नाही. मोठे हिशेबी लोक असतात. एक कारण असं की पूर्वी अमेरिकेत कुस्तीचे इलाखे होते. मेम्फिसचा वेगळा, टेक्सासचा वेगळा, फ्लोरिडाचा वेगळा, पोर्टलंडचा वेगळा. पोरगा एका इलाख्यात वर्षभर मार खायचा, चुकायचा, लोकांच्या शिव्या ऐकायचा आणि दुसऱ्या इलाख्यात नवं नाव घेऊन उभा राहायचा. पहिल्या गावच्या चुका दुसऱ्या गावाला ठाऊक नसायच्या. १९८४ नंतर मॅकमहनने देशभर पाय पसरले आणि हे इलाखे एकेक करून मिटले. आता ऑरलँडोमध्ये २०१३ पासून कंपनीचं झकपक प्रशिक्षण केंद्र आहे. डाव तिथे उत्तम शिकवतात. पण परक्या गावच्या परक्या माणसांसमोर तोंडघशी पडण्याची सोय कुठल्याही केंद्रात करता येत नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि ते जास्त वजनदार आहे. एके काळी कंपनी तिकिटांवर जगायची. आज ना उद्या नवा माणूस उभा करणं तिला भाग होतं. आता कमाई येते ती प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि मोठमोठ्या करारांतून. रॉ दाखवण्यासाठी नेटफ्लिक्सने दहा वर्षांसाठी पाच अब्ज डॉलरचा करार केला. २०२५ च्या जानेवारीत त्याची पहिली रात्र झाली तेव्हा कोण कोण आलं होतं? द रॉक, जॉन सीना, अंडरटेकर, हॉगन. पैसे देणाऱ्याला ओळखीची नावं लागतात. हॉगनची मात्र त्या रात्री लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी चांगलीच हुर्यो उडवली. २०१५ साली उघड झालेलं त्याचं वर्णद्वेषी बोलणं लोक विसरले नव्हते. पुढे जुलैमध्ये तो गेला, एकाहत्तराव्या वर्षी.

२०१८ पासून सौदी अरेबियाशीही असाच दहा वर्षांचा करार आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रियाधला एक लढत झाली. एका बाजूला शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच, दुसऱ्या बाजूला अंडरटेकर आणि केन. चौघांच्या वयांची बेरीज २०६. मायकल्स आठ वर्षांपूर्वी रीतसर निवृत्त झालेला. केन नुकताच टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आलेला. म्हणजे नालेसफाईच्या बैठकीतून रिंगमध्ये! (हशा) सुरुवातीलाच ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू फाटला. केनचा मुखवटा केसांसकट निघून आला. हसू येतं, पण पुढचं हसण्यासारखं नाही.

७ जून २०१९, जेद्दा. अंडरटेकर चोपन्न वर्षांचा, गोल्डबर्ग बावन्न. दोघे उमेदीत असताना ही लढत कधीच झाली नव्हती, कारण बहुतेक काळ दोघे वेगवेगळ्या कंपन्यांत होते. म्हणून हौस. गोल्डबर्गचं डोकं रिंगच्या खांबावर आदळलं. कपाळातून रक्त, डोळे शून्य. त्याच्या मेंदूला मार बसला होता आणि तरी लढत चालूच राहिली. पुढे त्याने अंडरटेकरला उचललं ते नीट पेलवलं नाही, आणि अंडरटेकर डोक्या-मानेवर येता येता वाचला. मी ती लढत पुन्हा बघू शकलो नाही. निकाल ठरलेला असतो म्हणतो आपण. निकाल ठरलेला असतो, मान ठरलेली नसते.

आणि मग २७ फेब्रुवारी २०२०. पुन्हा रियाध. ब्रे वायटने 'फीन्ड' नावाचं एक भयानक पात्र उभं केलं होतं. कित्येक महिने त्या पात्राला कुणी हरवू शकत नव्हतं. हातोड्याने मारलं तरी उठून बसायचं. अंडरटेकरनंतर प्रथमच पोरांना रात्री भीती वाटेल असं काही तयार झालं होतं. त्याला त्रेपन्न वर्षांच्या गोल्डबर्गने तीनेक मिनिटांत गुंडाळलं. ज्या माणसाच्या विजयांची साखळी १९९८ मध्ये जुन्यांनी तोडली होती, त्याच माणसाच्या हातून एकवीस वर्षांनी एका नव्याचा घास काढला गेला. यात गोल्डबर्गचा दोष मला फारसा दिसत नाही. त्याला बोलावलं, तो आला. वायट २०२३ मध्ये छत्तिसाव्या वर्षी वारला. ते पात्र पुढे कुठवर गेलं असतं, ते आता कळणार नाही.

अंडरटेकरचंही असंच. रेसलमेनिया या डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात सलग २१ लढती न हरलेला माणूस. त्याची ती साखळी तोडणं म्हणजे एखाद्याला जन्मभर पुरेल असं भांडवल. ६ एप्रिल २०१४ रोजी ते मिळालं कुणाला? ब्रॉक लेसनरला. छत्तीस वर्षांचा, जगभर आधीच गाजलेला, वर्षातून मोजक्या रात्री येणारा. लेसनरला त्याची गरज नव्हती. इथे जुना माणूस पडला, पण पडणं वाया गेलं.

जपानकडे वळू या का? कारण योग्य पडणं कसं असतं हे बघायचं तर ८ जून १९९० च्या रात्री टोकियोच्या निप्पोन बुदोकानमध्ये जायला हवं. ऑल जपान या कंपनीचा मालक जायंट बाबा. स्वतः एके काळचा सम्राट, पण वय झाल्यावर स्वतःहून खालच्या, हलक्याफुलक्या लढतींत गेलेला. त्याचा मोठा पैलवान तेन्र्यू नुकताच दुसरीकडे गेला होता. उरला जंबो त्सुरुता, एकोणचाळीस वर्षांचा, निर्विवाद पहिला. त्याच्यासमोर सत्तावीस वर्षांचा मित्सुहारू मिसावा. वर्षानुवर्षं 'टायगर मास्क'च्या मुखवट्यात लढलेला आणि त्या मे महिन्यात मुखवटा काढून स्वतःच्या नावाने उभा राहिलेला. कुणाला आशा नव्हती. त्सुरुता पडला. प्रेक्षागृहात लोक रडत होते. गंमत म्हणजे सप्टेंबरमध्ये त्सुरुताने परतफेड केली, मिसावाला हरवलं. हरवू दे. एकदा पडल्याने त्सुरुताचं काहीही गेलं नव्हतं, आणि मिसावा मात्र पुढची दहा वर्षं त्या कंपनीचा कणा झाला.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण मिसावाचं पुढे काय झालं? २००० साली त्याने 'नोआ' नावाची स्वतःची कंपनी काढली. मालक तोच, मोठा पैलवानही तोच. त्याने पडायचं टाळलं असं म्हणता येणार नाही. २००३ मध्ये तो कोबाशी नावाच्या पैलवानासाठी पडला, आणि काय पडला! पण २००६ च्या अखेरीस नाओमिची मारुफुजी या तरुणाकडचा पट्टा पुन्हा मिसावाच्याच कमरेला आला. चव्वेचाळीस वर्षांचा, मान झिजलेली, वर्षानुवर्षं डोक्यावर आपटून घेतलेला माणूस. कंपनी अडचणीत, २००९ च्या मार्चमध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम बंद. लोक मिसावाच्या नावावर तिकीट काढत होते, म्हणून मिसावा उतरत होता. १३ जून २००९, हिरोशिमा. प्रतिस्पर्ध्याने मागे फेकलं, रोजच्यासारखा एक साधा डाव, आणि मिसावा उठला नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता. त्या रात्री त्याचा जोडीदार होता सत्तावीस वर्षांचा गो शिओझाकी. दुसऱ्याच दिवशी फुकुओकाला रिकाम्या विजेतेपदाची लढत झाली आणि ते शिओझाकीने जिंकलं. म्हणजे पोरगा तयार होता. शेजारीच उभा होता.

आता एक अप्रिय गोष्ट. यात आपण, म्हणजे प्रेक्षक, कुठे असतो? आपण नव्यांच्या बाजूचे असतो, असं आपल्याला वाटतं. २०१४ मध्ये चार वर्षांनी परत आलेल्या बाटिस्टाला थेट रॉयल रंबल ही पात्रतेची लढत जिंकवली, तेव्हा लोकांनी इतका गोंधळ केला की अखेर डॅनियल ब्रायनला रेसलमेनियाच्या मुख्य लढतीत घ्यावं लागलं. २०२४ मध्ये रॉक आला आणि मुख्य लढतीतली कोडी ऱ्होड्सची जागा घेऊ लागला. लोकांनी 'आम्हाला कोडीच हवा' म्हणून धोशा लावला, आणि कोडी जिंकला. शाबास. पण २००२ मध्ये टोरंटोला हॉगन आणि रॉक समोरासमोर आले, तेव्हा त्याच लोकांनी कुणाच्या नावाने घसा फोडला? अठ्ठेचाळीस वर्षांच्या, खलनायक म्हणून आलेल्या हॉगनच्या! हॉगन त्या रात्री पडला, नीट पडला, आणि मला वाटतं त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली रात्र होती. आपलं बालपण रिंगमध्ये उतरलेलं दिसलं की आपण तत्त्वं विसरतो. हे मालकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

न पडताही देता येतं का? येतं. स्टिंग या जुन्या पैलवानाने ते दाखवलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये तो एईडब्ल्यू या नव्या कंपनीत आला तो एकसष्ट वर्षांचा होऊन. तिथे तो एकही लढत हरला नाही. पण जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी डार्बी ॲलिन होता, तोंड अर्धं रंगवलेला, वेड्यासारख्या उड्या मारणारा पोरगा. ३ मार्च २०२४ रोजी ग्रीन्सबरोला, पासष्टीला काही दिवस कमी असताना, स्टिंग शेवटचं लढला. दोघे जिंकले. बघणारे स्टिंगला निरोप द्यायला आले होते, आणि घरी जाताना काचेवर झेप घेणाऱ्या डार्बीबद्दलच बोलत होते. पण असा स्टिंग क्वचितच मिळतो, त्याच्यावर धंद्याचा नियम बांधता येत नाही.

म्हणून पुन्हा पडण्याकडे, आणि गुंथरकडे. १२ जुलै २०२५ ला अटलांटात, अठ्ठावन्न वर्षांचा गोल्डबर्ग शेवटची लढत हरला, गुंथरकडून. निरोपाचं बोलत असतानाच प्रक्षेपणाची वेळ संपली आणि टीव्हीवर तो मधेच तुटला. मग १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये जॉन सीनाची अखेरची लढत. तोही गुंथरशीच. 'कधीही हार मानायची नाही' हे वाक्य सीनाने वीसेक वर्षं टोप्यांवर, शर्टांवर, टॉवेलांवर विकलं होतं. शेवटच्या रात्री गुंथरने त्याची मान आवळली. सीना हसला आणि त्याने हाताने थाप मारून हार मानली. जे मी तासभर इथे मागतोय, ते त्याने जसंच्या तसं केलं.

आणि लोक? लोकांनी आरडाओरडा करून सभागृह डोक्यावर घेतलं. कंपनीत लढतींचा आणि निकालांचा कारभार बघणारा ट्रिपल एच बाहेर आला, तर त्याची हुर्यो. आमच्या सीनाला हार मानायला लावली! वर्षानुवर्षं नव्यांना वाव द्या म्हणणाऱ्यांतले कितीतरी त्यात असतील. माझं विचाराल, तर सीना बरोबर होता आणि ओरडणारे चूक. एक तक्रार मात्र उरते. ज्याला मी इतका वेळ नवा म्हणतोय, तो गुंथर त्या रात्री अडतीस वर्षांचा होता. मातीतल्या कुस्तीत या वयाला वस्ताद म्हणतात. त्याच रात्री, सीनाच्याच इच्छेने, आधीच्या लढतींत गुंथरहून दहाहून अधिक वर्षांनी लहान पोरं उतरवली होती: ओबा फेमी, जेव्हॉन इव्हान्स, लिऑन स्लेटर, आणि मुलींमध्ये सोल रुका. सीनाने आणि गोल्डबर्गने जे दिलं ते सगळं आज गुंथरच्या खिशात आहे. तेव्हा आता या पोरांपैकी एकासाठी गुंथरने पडावं, आणि ते चाळिशी उलटायच्या आत पडावं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. माइक मागच्या रांगेकडे द्या आधी.